राखीव रिसीव्हरची किंमत किती? ब्रॅक्स्टन बेरियोसच्या कराराची चिरफाड

मार्च २०२२ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यूयॉर्क जेट्स संघाने ब्रॅक्स्टन बेरियोस या रिसीव्हरशी, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूशी, दोन वर्षांचा, १ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. त्यातले ७० लाख हमीचे होते. पुढच्या मार्चमध्ये त्याच संघाने त्याला मोकळं केलं आणि लगेच मायामी डॉल्फिन्सने त्याला एका वर्षासाठी, जास्तीत जास्त ३५ लाखांवर घेतलं. मोठी दुखापत नाही, बेशिस्त नाही, वय अवघं सत्तावीस. तरीही वर्षभरात त्याची किंमत निम्म्यावर आली.

अमेरिकन फुटबॉलमध्ये तारांकित रिसीव्हरची किंमत ठरवणं तुलनेने सोपं असतं. टायरीक हिलला मार्च २०२२ मध्येच मायामीने चार वर्षांचे १२ कोटी डॉलर दिले. त्या रकमेवर वाद झाला, पण तो कशासाठी हवा होता याबद्दल कुणालाच शंका नव्हती. खरी कसोटी लागते ती चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या रिसीव्हरपाशी. असा खेळाडू थोडे झेल घेतो, थोडा पळतो, किक परतवतो (विरोधी संघाने लाथेने मारलेला चेंडू झेलून पुढे पळतो), आणि यातल्या कुठल्याच एका कामावर त्याचा करार उभा राहत नाही. न्यू जर्सीत मराठी कुटुंबं भरपूर आहेत आणि जेट्सचं मैदान तिथेच, ईस्ट रदरफोर्डला आहे. तिथल्या ज्या मराठी मुलांनी हा खेळ आपलासा केला आहे, त्यांच्यासाठी आणि इथे बसून तो पाहणाऱ्यांसाठी हे प्रकरण मला नीट मांडावंसं वाटतं, कारण राखीव खेळाडूचं मोल कसं मोजावं हे यात फार स्वच्छ दिसतं.

आधी माणूस कोण ते पाहू. मायामी विद्यापीठातून आलेला बेरियोस २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, सहाव्या फेरीत, २१० व्या क्रमांकावर निवडला गेला. निवडणारा संघ न्यू इंग्लंड पेट्रियट्स. पहिलं वर्ष दुखापतग्रस्तांच्या यादीत गेलं. २०१९ च्या मोसमाआधी पेट्रियट्सने त्याला सोडलं आणि जेट्सने उचललं. सहाव्या फेरीतल्या खेळाडूला तेव्हा चार वर्षांचे सगळे मिळून तीस लाखांच्या आतच मिळत. २०२० मध्ये त्याने ३७ झेल घेऊन ३९४ यार्ड मिळवले. संघ वाईट होता, पण हा मुलगा उपयोगी पडत होता.

मग आलं २०२१. जेट्सने १७ पैकी ४ सामने जिंकले, आणि त्या उजाड मोसमात बेरियोस उठून दिसला: ४६ झेल, ४३१ यार्ड, झेलून दोन टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण मिळवणं), धावून दोन. किक परतवण्यात २८ वेळा मिळून ८५२ यार्ड, म्हणजे दर परतीला ३०.४ यार्ड. लीगमध्ये ती सर्वोच्च सरासरी होती. २६ डिसेंबरला जॅक्सनव्हिलविरुद्ध १०२ यार्डांची परत थेट टचडाउनमध्ये संपली आणि जेट्स २६-२१ ने जिंकले. पुढच्याच आठवड्यात टॉम ब्रेडीच्या टँपा बेविरुद्ध त्याने आठ झेल घेतले, एक टचडाउन झेलून आणि एक धावून केलं. त्या सामन्यात शेवटच्या मिनिटांत जेट्स पुढे होते, चेंडू आपल्याकडे राखायला दोन यार्ड हवे होते, आणि चेंडू बेरियोसच्या हाती द्यायचा असा प्रशिक्षक रॉबर्ट सालेह यांचा बेत होता. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, झॅक विल्सनने स्वतःच मुसंडी मारली, ती अडली आणि सामना गेला. मोसम संपल्यावर असोसिएटेड प्रेसच्या ऑल-प्रो संघात, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, किक परतवणारा म्हणून पहिली निवड झाली ती बेरियोसची.

आणि करार संपला होता.

आकड्यांच्या मागे काय होतं

महाव्यवस्थापक जो डग्लस यांच्यासमोरचा खेळाडू सव्वीस वर्षांचा, ऑल-प्रो आणि प्रेक्षकांचा लाडका होता. अशा वेळी गेल्या मोसमाची बेरीज समोर ठेवून किंमत लावण्याचा मोह होतो. ती बेरीज कशी जमली, हे मात्र आधी पाहायला हवं.

४६ झेल का आले? कोरी डेव्हिस त्या मोसमात फक्त नऊ सामने खेळला, इलायजा मूर अकरा आणि जेमिसन क्राउडर बारा. तिन्ही रिसीव्हर बेरियोसच्या पुढचे. त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या म्हणून चेंडू त्याच्याकडे वळले. आलेले चेंडू त्याने झेलले, हे श्रेय त्याचंच. पण ६५ चेंडू त्याच्याकडे फेकले जाणं ही परिस्थिती होती, आणि परिस्थितीसाठी पुढच्या वर्षाचे पैसे मोजायचे नसतात. शिवाय दर झेलाला ९.४ यार्ड म्हणजे जवळचे, छोटे पास. असे झेल संघाला लागतात, पण ते घेऊ शकणारी माणसं बाजारात बरीच असतात.

याचा पुरावा जेट्सच्याच संघात होता. क्राउडरने त्याच मोसमात, त्याच क्वार्टरबॅककडून, मैदानाच्या साधारण त्याच भागात ५१ झेल घेऊन ४४७ यार्ड मिळवले. म्हणजे जवळपास बेरियोसइतकंच काम. तोही त्याच मार्चमध्ये मोकळा झाला आणि बफेलो बिल्सने त्याला एका वर्षासाठी, जास्तीत जास्त ४० लाखांवर घेतलं. क्राउडर वयाने दोन वर्षांनी मोठा, दुखापतींचा इतिहास असलेला, म्हणून थोडी सूट धरू. तरीही 'आतल्या बाजूला उभं राहून छोटे पास झेलणं' या कामाचा भाव बाजाराने आपल्याला सांगितलेलाच होता, आणि तो वर्षाला तीस लाखांच्या आसपास घुटमळतो. अशी जुळी उदाहरणं क्वचित सापडतात. सापडली की बाकी सगळे तक्ते बाजूला ठेवून आधी तिथे थांबावं, असं मला ठामपणे वाटतं.

आता किक परतवणं, म्हणजे त्याच्या नावाला चकाकी देणारं काम. ३०.४ ही सरासरी डोळे दिपवणारी आहे, आणि इथेच मोजणाऱ्याने सावध व्हायचं. लीगमधल्या इतर परतवणाऱ्यांची सरासरी तेव्हा २२-२३ यार्डांच्या घरात होती. त्यांच्याशी तुलना केली तर दर परतीला आठ यार्डांचा फायदा दिसतो. पण जेट्ससमोरचा पर्याय सरासरी खेळाडूला पळवण्याचा नव्हता. खोल आलेली किक गुडघा टेकून तिथेच थांबवली की त्या वेळच्या नियमाने चेंडू आपोआप २५ यार्डांच्या रेषेवर मिळायचा. कुणीही टेकला तरी. मग गोलरेषेवर चेंडू झेलून सरासरी तीसपर्यंत पोहोचणाऱ्या माणसाचा खरा फायदा पाच यार्डांचा. चेंडू गोलरेषेच्या मागे झेलला असेल तर त्याहून कमी. २८ परतींचे मिळून फार तर १४० यार्ड.

त्यातून ती १०२ यार्डांची एक परत बाजूला काढली तर उरतात २७ परती आणि ७५० यार्ड. सरासरी २७.८. म्हणजे गुडघा टेकण्यापेक्षा तीन यार्डसुद्धा जास्त नाहीत. ती परत घडली, गुण मिळाले, सामना जिंकला. ते कुणी पुसून टाकू शकत नाही. पण पुढच्या वर्षाची किंमत लावताना प्रश्न असतो तो अशी परत पुन्हा किती वेळा घडेल, आणि २८ परतींच्या नमुन्यातून याचं विश्वासार्ह उत्तर निघत नाही.

पंट, म्हणजे आक्रमण अडल्यावर विरोधी संघाने लाथेने दूर मारलेला चेंडू, परतवणं लोक कमी लेखतात. मला ते बेरियोसचं जास्त टिकाऊ कौशल्य वाटतं. १६ परतींत २१४ यार्ड, सरासरी १३.४. लीगची सरासरी आठ-नऊच्या आसपास असते. इथे गुडघा टेकून फुकटचे यार्ड मिळत नाहीत. अंगावर धावून येणाऱ्या माणसांकडे न पाहता चेंडू सुरक्षित झेलणं हीच अर्धी कमाई असते. त्यातून साधारण ८० यार्ड जादा आले.

दोन्ही मिळून २२० यार्ड. मैदानावरचे पंधरा-सोळा यार्ड म्हणजे अंदाजे एक गुण, असा ठोकताळा धरला तर अख्ख्या मोसमात चौदा-पंधरा गुण, दर सामन्याला एकाहूनही कमी. आणि हे त्याच्या सर्वोत्तम वर्षाचं माप आहे. पुढच्या वर्षी तितकंच होईल असं धरणं धाडसाचं. निम्मं धरावं, म्हणजे सात-आठ गुण.

एक गोष्ट या हिशेबात सहज निसटते. सामन्याच्या दिवशी संघाला ५३ पैकी जास्तीत जास्त अठ्ठेचाळीसच खेळाडू गणवेशात उतरवता येतात. पाचवा रिसीव्हर आणि परतवणारा ही दोन कामं एकाच माणसाने केली की एक जागा वाचते, आणि त्या जागेवर जादा बचावपटू ठेवता येतो. प्रशिक्षक अशा खेळाडूसाठी भांडतात ते उगाच नाही. बेरियोस धावण्याच्या फसव्या चालींतही चालायचा. याचे पैसे द्यायलाच हवेत.

तर मार्च २०२२ मधलं माझं माप असं. चार वर्षं काढलेल्या खेळाडूचं लीगने ठरवलेलं किमान वेतन त्या वर्षी १० लाख ३५ हजार डॉलर होतं. त्याखाली जाताच येत नाही. छोटे पास झेलण्याचं काम, हे किमान वेतन धरून, पंचवीस ते तीस लाख. किक आणि पंट मिळून आणखी दहा ते पंधरा. जागा वाचवण्याचे आणि फसव्या चालींचे थोडे. एकूण वर्षाला ४५ लाखांच्या आसपास. दोन वर्षांचे ८५ ते ९० लाख, आणि त्यात हमी पन्नास लाखांची. जेट्सने वार्षिक सरासरी ६० लाख दिली. सॅलरी कॅप, म्हणजे संघाने एका वर्षात खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा, तेव्हा २० कोटी ८२ लाख होती. त्याचे जवळजवळ तीन टक्के.

करार वाचायचा कसा

आयपीएलच्या बोलीची रक्कम ऐकली की तेवढे पैसे खेळाडूला मिळणार असं आपण धरून चालतो. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या या लीगमध्ये, तसं धरलं की वाचणारा फसतो. इथल्या मथळ्यातल्या आकड्यात कागदी भाग मोठा असतो. पुढच्या वर्षांचं वेतन हमीचं नसेल तर संघ खेळाडूला सोडून ते वाचवू शकतो.

बेरियोसच्या करारात १ कोटी २० लाखांतले ७० लाख हमीचे होते. दुसऱ्या वर्षी त्याला ठेवलं तरच उरलेले ५० लाख द्यायचे होते. म्हणून हा करार मी असा वाचतो: एका वर्षाचे ७० लाख, आणि दुसरं वर्ष ५० लाखांना हवं असेल तर घ्या. निवड संघाच्या हातात. मार्च २०२३ मध्ये जेट्सने ती नाकारली. त्या वर्षीच्या मर्यादेत त्याच्या नावावर सुमारे ८२ लाख लागणार होते. सोडल्याने ५० लाख वाचले आणि उरलेले ३२ लाख, म्हणजे आधीच हातावर ठेवलेल्या बोनसचा मागे राहिलेला हिस्सा, 'डेड मनी' म्हणून संघाच्या खात्यावर चढले.

या रचनेबद्दल मला जेट्सचं कौतुक वाटतं. दुसरं वर्ष त्यांनी हमीत अडकवलं नाही, त्यामुळे चूक झाली तरी ती एका वर्षात संपणार होती. चुकली ती पहिल्या वर्षाची रक्कम. ७० लाखांत एका राखीव खेळाडूचं एक वर्ष, हे माझ्या मापाच्या दीडपटीहून जास्त आहे.

दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवं, कारण करार झाला त्या आठवड्यात बाजार तापला होता. जॅक्सनव्हिलने क्रिस्टियन कर्कला चार वर्षांचे ७ कोटी २० लाख दिले आणि प्रत्येक एजंटच्या हातात नवा आकडा आला. डॅलसचा सेड्रिक विल्सन, २०२१ मध्ये ४५ झेल, ६०२ यार्ड आणि सहा टचडाउन, यालाही मायामीने तीन वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख दिले. झेल जवळपास बेरियोसइतकेच, पण यार्ड आणि टचडाउन बरेच जास्त, आणि सरासरी वर्षाला सत्तर लाखांच्या पुढे. बेरियोसचा एजंट हा कागद टेबलावर ठेवू शकला असता आणि ६० लाख वाजवी दिसले असते. मग सेड्रिक विल्सनचा तो करार कसा निघाला? थोड्याच दिवसांत मायामीने टायरीक हिलला आणलं आणि २०२२ मध्ये सेड्रिकच्या वाट्याला आले फक्त १२ झेल. दोन्ही करारांची गत एकच झाली, आणि कारणही एकच.

काम कमी होणार हे दिसत होतं का?

हा मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. राखीव रिसीव्हरला किती काम मिळेल हे त्याच्या कौशल्यापेक्षा त्याच्या पुढे कोण उभं आहे यावर ठरतं. आणि पुढे कोण असेल हे संघाला खेळाडूपेक्षा, एजंटपेक्षा, कुणाहीपेक्षा आधी कळतं.

जेट्सने बेरियोसला हा करार दिला त्याच महिन्यात ते हिलच्या मागे होते. कॅन्सस सिटीशी बोलणी जमली होती. हिलने मायामी निवडलं म्हणून व्यवहार फिसकटला. मोठा रिसीव्हर आणायचाच हे ठरलेलं होतं. एप्रिलअखेर ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर त्यांनी गॅरेट विल्सनला घेतलं. त्याने पहिल्याच वर्षी ८३ झेल आणि १,१०३ यार्ड घेतले, आक्रमणातला सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. डेव्हिस परतला, मूर होताच. बेरियोसच्या वाट्याला आले १८ झेल, १४५ यार्ड, आणि झेलून टचडाउन एकही नाही.

तो खराब खेळला म्हणून हे झालं, असं मी म्हणणार नाही. पिट्सबर्गविरुद्ध त्याने फसव्या चालीत स्वतः पास फेकून झॅक विल्सनकडून टचडाउन करवलं. ग्रीन बेच्या लँबो मैदानावर २० यार्ड धावून टचडाउन केलं. उलट बाजूला, डिसेंबरमध्ये मिनेसोटात शेवटच्या दोन मिनिटांत, गोलरेषेपासून एक यार्डावरून आलेला चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाचा पास त्याच्या हातात थांबला नाही आणि जेट्स २७-२२ ने हरले. तो एक पास लोकांच्या लक्षात राहिला. पण मार्च २०२३ चा निर्णय त्या पासावर झाला असं मानणं अन्यायाचं आहे. पाचव्या क्रमांकाच्या रिसीव्हरवर मर्यादेतले ८२ लाख बसत नव्हते, इतकंच.

त्याच वेळी त्याच्या दुसऱ्या कामाची जमीनही सरकत होती. डोक्याच्या दुखापतींच्या काळजीने लीग किक परतींना बरीच वर्षं आवर घालत होती. मे २०२३ मध्ये नियम आला: किक हात वर करून नुसती झेलली तरी चेंडू २५ यार्डांवर. परती आणखी आटल्या. फेब्रुवारी २०२४ मधल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, तर एकही किक परतवली गेली नाही. हा नेमका नियम २०२२ मध्ये कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण वारा कुठल्या दिशेला वाहतोय हे स्पष्ट होतं, आणि ज्या कामाचा वाव नियमच कमी करत होते त्यावर जादा पैसे लावताना हात आखडायला हवा होता.

त्याच्या जागी कोण आलं

बेरियोसला सोडल्यावर जेट्सने मिकोल हार्डमनला एका वर्षासाठी, जास्तीत जास्त ६५ लाखांवर आणलं. पुन्हा तोच साचा: वेगवान, थोडे झेल, थोड्या परती. ऑक्टोबरमध्येच त्याला कॅन्सस सिटीला परत पाठवलं. (तिथे त्याने सुपर बोलमधला विजयी टचडाउन झेलला. खेळाडू तोच, जागा वेगळी.)

परतवण्याचं काम मात्र झेवियर गिप्सन नावाच्या मुलाने पटकावलं. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलंच नव्हतं. नवख्याचं किमान वेतन त्या वर्षी साडेसात लाख डॉलर होतं. ११ सप्टेंबर २०२३ ला बफेलोविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात ॲरन रॉजर्स चौथ्या चालीवर जायबंदी झाला, आणि त्याच रात्री जादा वेळेत गिप्सनने ६५ यार्डांचा पंट परतवून सामना जिंकून दिला, २२-१६. एका परतीवरून गिप्सन बेरियोसहून चांगला ठरत नाही. बेरियोसच्या एका परतीला मी जे लावलं तेच यालाही लागू. पण हे काम करू शकणारा माणूस किमान वेतनात मिळू शकतो, एवढं मात्र यातून दिसतं. राखीव खेळाडूच्या वाटाघाटीत हाच पर्याय टेबलावर हवा असतो.

माझ्या मापाला आणखी एक आधार नंतर मिळाला. बाल्टिमोरचा डेव्हिन डुव्हर्ने २०२१ च्या त्याच ऑल-प्रो संघात पंट परतवणारा होता. २०२४ मध्ये जॅक्सनव्हिलने त्याला दोन वर्षांचे ८५ लाख दिले. मर्यादा तेव्हा २५ कोटी ५४ लाखांवर गेली होती. मर्यादेच्या प्रमाणात पाहिलं तर बेरियोसच्या कराराच्या सुमारे ५८ टक्के.

खेळाडूच्या बाजूने हा करार उत्तम होता, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. २१० व्या क्रमांकावर निवडलेल्या, एका संघाने टाकून दिलेल्या मुलाने एका वर्षात ७० लाख मिळवले. त्याआधीच्या चार वर्षांच्या मिळकतीच्या दुपटीहून जास्त. सर्वोत्तम मोसम करार संपण्याच्या वर्षी आला आणि त्याने हमीची रक्कम वाढवून घेतली. अशा खेळाडूने हेच करावं. एकूण आकड्यावर कधी भांडू नये, हमीवर भांडावं.

२०२४ पासून किकचा नियम पुन्हा बदलला. नव्या रचनेत परती वाढल्या आणि किक न परतवता मिळणारी जागा आधी ३० व पुढच्या वर्षी ३५ यार्डांवर नेली, म्हणजे मारणाऱ्या संघाला चेंडू खोल मारणं महाग पडू लागलं. त्यामुळे आज २०२१ च्या बेरियोससारखा खेळाडू समोर आला तर परतींसाठी मी तेव्हापेक्षा जास्त मोजेन, मर्यादेच्या प्रमाणात कदाचित दीडपट. झेलांसाठी मात्र क्राउडरचाच भाव लावेन, दुसऱ्या वर्षाची हमी देणार नाही, आणि सही करण्याआधी स्वतःच्याच संघाला विचारेन की एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत आपण रिसीव्हर घेणार आहोत का.